मॅलॅट-१ची पातळी घटली, पण रसायन नेमकं कशाला चिकटतंय?

बर्फपेटी (प्रश्न)

नमस्कार मंडळी. मॅलॅट-१ या लाँग नॉन-कोडिंग (प्रथिन न बनवणाऱ्या लांब) आरएनएच्या ३' टोकाला तिपेडी वेणीसारखी घडी असते. तिला चिकटेल या अंदाजाने डॉकिंगमधून (संगणकावर रेणू जुळवून बघून) निवडलेलं एक छोटं रसायन तपासणं चालू आहे. रेणू सपाट आहे, तीन अरोमॅटिक कड्या एकमेकींना जोडलेल्या, दोन्ही टोकांना अमाइन.

मांडणी अशी: एमडीए-एमबी-२३१ या स्तनकर्करोगाच्या पेशी, ६-वेल प्लेट, दर वेलमध्ये ३ लाख. रसायन १० मायक्रोमोलर, डीएमएसओ ०.१ टक्का, २४ तास. आरएनए ट्रायझॉलने काढला, सीडीएनए (आरएनएची डीएनए-प्रत) पॉली-ए शेपटीला चिकटणाऱ्या ऑलिगो-डीटीने केला, क्यूपीसीआरमध्ये (आरएनएचं प्रमाण मोजण्याची पद्धत) तुलना जीएपीडीएच या नेहमी चालू असलेल्या जनुकाशी.

निकाल: मॅलॅट-१ कंट्रोलच्या ४० टक्क्यांवर आला. नीट-१ हा दुसरा लाँग नॉन-कोडिंग आरएनए मात्र जवळपास दुप्पट दिसतो. मॅट्रिजेल या जेलच्या थरातून पार जाणाऱ्या पेशी (शिरकावाची चाचणी) निम्म्याहून कमी. एमटीटी चाचणीनुसार ८५ टक्के पेशी जिवंत.

आता याला मॅलॅट-१चा इनहिबिटर म्हणता येईल का? नीट-१ वाढण्याचं कारण काय असावं? आणि सोबत अँटिसेन्सची, म्हणजे मॅलॅट-१ला जुळणाऱ्या छोट्या तुकड्याने तो घटवण्याची, तुलना लावायची तर एसआयआरएनए चालेल की गॅपमरच हवा?

घडीमोड

इनहिबिटर म्हणायची घाई करू नका. २४ तासांनी मोजलेली पातळी हा दोन गोष्टींचा हिशेब असतो: किती आरएनए तयार झाला आणि किती नष्ट झाला. तुमच्या आकड्यावरून यांतली कुठली बाजू हलली ते कळत नाही.

साधं गणित मांडून बघा. मॅलॅट-१ फार टिकाऊ आहे. हीला पेशींत त्याचं अर्धायुष्य ९ ते १२ तासांच्या घरात मोजलं गेलंय. १० तास धरू. रसायनाने आरएनएला हातही न लावता फक्त ट्रान्सक्रिप्शन पूर्ण बंद पाडलं, तरी २४ तासांनी १९ टक्के शिल्लक राहील. ट्रान्सक्रिप्शन चौथ्या हिश्श्यावर आलं तर शिल्लक बरोबर ४० टक्क्यांच्या आसपास येते. म्हणजे तुमचा सगळा निकाल वेणीचं नावही न घेता समजावता येतो.

आणि रेणूचं वर्णन वाचून पहिला संशय तोच येतो. सपाट कड्या आणि टोकांना धनभार, हा डीएनएच्या जोड्यांमध्ये शिरणाऱ्या इंटरकॅलेटरचा नेहमीचा चेहरा आहे. अ‍ॅक्टिनोमायसिन-डीचा सपाट भागही तसाच आत शिरतो आणि पॉलिमरेज अडवतो. त्यात जीएपीडीएचचा एमआरएनए दीर्घायुषी, त्यामुळे ट्रान्सक्रिप्शन मंदावलं तरी तो लगेच पडत नाही आणि 'फक्त मॅलॅट-१ घटला' असा भास होतो.

सगळ्यात स्वस्त तपासणी आधी करा. रसायन देऊन २ आणि ४ तासांनी आरएनए काढा आणि मिक या जनुकाचा प्रायमर लावा. मिकच्या एमआरएनएचं अर्धायुष्य जेमतेम अर्ध्या तासाचं, त्यामुळे ट्रान्सक्रिप्शनला धक्का लागला की तो सगळ्यांच्या आधी कोसळतो. २४ तासांचा नमुना यासाठी वापरू नका, तोवर पेशीने स्वतःला सावरलेलं असू शकतं. मिक जागचा हलला नाही तर पुढे जायला हरकत नाही. कोसळला तर थेट नव्या आरएनएची मोजणी करा: शेवटचा एक तास ०.५ मिलिमोलर ५-इथिनिल युरिडिन, मग क्लिक रिअ‍ॅक्शनने रंग. केंद्रकातली चमक डीएमएसओपेक्षा स्पष्ट उतरली असेल तर रसायन सगळंच ट्रान्सक्रिप्शन दाबतंय. इथे एक काळजी घ्या. असे सपाट रेणू बऱ्याचदा स्वतःच चमकतात. म्हणून फक्त रसायन, क्लिकचा रंग नाही, अशी एक वेल ठेवाच. गॅमा-एच२एएक्सचं स्टेनिंगही त्याच प्लेटवर उरकून घ्या, डीएनएला इजा होत असेल तर तिथे ठिपके दिसतील.

यातून रसायन पार पडलं, तर अर्धायुष्य मोजा. अ‍ॅक्टिनोमायसिन-डी ५ मायक्रोग्रॅम प्रति मिली, ०, २, ४, ८ तास. एका रांगेत रसायन, दुसरीत डीएमएसओ. रसायन वेणी उलगडून आरएनए नष्ट करवत असेल तर फरक लवकर दिसायला हवा. १० तासांच्या अर्धायुष्याने ४ तासांनी ७६ टक्के उरतात. डीएमएसओच्या रांगेत ७५ आणि रसायनाच्या रांगेत ४५ आलं, तर आरएनएचं आयुष्यच घटलं असं ठामपणे म्हणता येईल. दोन्ही रांगा एकमेकींवर बसल्या तर वेणीचा मुद्दा तिथेच संपतो. या प्रयोगात तुलना जीएपीडीएचशी करायची नाही. तोही घटत असतो आणि सगळा उतार वाकडा होतो. १८एस हा रायबोसोमचा आरएनए घ्या, किंवा लायसिसच्या वेळी मोजून टाकलेला बाहेरचा आरएनए. लुसिफरेजचा, इन व्हिट्रो बनवलेला, चांगला चालतो.

अ‍ॅक्टिनोमायसिनला प्रकाश सोसत नाही; फॉइलमध्ये ठेवा. आणि ट्रान्सक्रिप्शन थांबलं की मॅलॅट-१ न्यूक्लिअर स्पेकल या केंद्रकातल्या ठिपक्यांमधून सुटून केंद्रकभर पसरतो, त्यामुळे या प्रयोगातल्या पेशींवरून त्याच्या जागेबद्दल निष्कर्ष काढू नका.

सीटी_मोजणारा

घडीमोड यांच्याशी सहमत. पण त्याच्याही आधी दोन ठिकाणी मोजमापच चुकतंय, असं वाटतं.

पहिली जागा ऑलिगो-डीटी. मॅलॅट-१ला नेहमीची पॉली-ए शेपटी नसते. त्याचं ३' टोक आरनेज-पी कापतं. कापलेला तुकडा पुढे टीआरएनएसारखा दिसणारा ६१ न्यूक्लिओटाइडचा मॅस्क-आरएनए होतो. उरलेल्या मॅलॅट-१च्या टोकाशी जिनोममध्येच लिहिलेली ए-बहुल पट्टी असते, आणि ऑलिगो-डीटी चिकटतो तो तिथे. ती पट्टी म्हणजेच वेणीचा एक पेड! म्हणजे टोक जरा कुरतडलं गेलं, बाकीचा आठ हजार न्यूक्लिओटाइडचा आरएनए शाबूत असला, तरी तुमच्या मोजमापात तो 'घटला' असं येईल. रँडम हेक्सामरने (कुठेही चिकटणाऱ्या सहा अक्षरी तुकड्यांनी) सीडीएनए करा आणि तीन अ‍ॅम्प्लिकॉन (मोजायचे तुकडे) ठेवा: ५' बाजूला, मध्यावर, ३' बाजूला. तिन्ही सारखे उतरले तर आरएनए खरोखर गेला.

मॅलॅट-१ बहुतांशी विनाइंट्रॉन आहे, त्यामुळे जोडावर बसणारा प्रायमर मिळत नाही. डीएनेज ट्रीटमेंट आणि रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेजविना कंट्रोल, दोन्ही आवश्यक. इतक्या मुबलक आरएनएसाठी त्या कंट्रोलचा सीटी (कितव्या सायकलला संकेत दिसतो तो आकडा) किमान १० सायकल मागे असावा.

दुसरी जागा नीट-१, आणि ही फार गमतीची आहे. नीट-१ पॅरास्पेकल नावाच्या घट्ट गोळ्यांमध्ये प्रथिनांशी इतका गुंतलेला असतो की नेहमीच्या ट्रायझॉलने तो पुरता बाहेरच येत नाही. जपानमधल्या एका गटाने २०१७मध्ये हे पद्धतशीर दाखवलं. नेहमीच्या पद्धतीत बराचसा नीट-१ प्रथिनांच्या थरात अडकून राहतो. म्हणून तुमच्या रसायनाने पॅरास्पेकल सैल केले, तर नीट-१ एका रेणूनेही न वाढता क्यूपीसीआरमध्ये दुप्पट दिसेल. वाढला तो आरएनए नव्हे, काढण्याची कार्यक्षमता.

तपासायला सोपं. ट्रायझॉलमध्ये पेशी विरघळवल्यावर प्रत्येक नमुन्याचे दोन भाग करा. एक नेहमीसारखा. दुसरा ५५ अंशांना १० मिनिटं तापवा, किंवा २०-गेजच्या सुईतून भराभर आतबाहेर करा. सुरुवातीला द्रव पिस्टनला तटतो, टोकाशी चिकट तार धरतो. ती तार तुटून थेंब मोकळा पडायला लागला की बस. घाई करून पाच-दहा फेऱ्यांत सोडून देऊ नका, आणि सगळ्या नमुन्यांना फेऱ्या मोजून सारख्याच द्या. मग क्लोरोफॉर्म. गरम केलेल्या भागात डीएमएसओ आणि रसायन यांचा नीट-१ सारखा आला, तर कोडं सुटलं.

नीट-१चे प्रायमरही बघून घ्या. त्याची दोन रूपं आहेत. आखूड रूप सुमारे ३.७ किलोबेसचं, त्याला पॉली-ए शेपटी असते. लांब रूप सुमारे २३ किलोबेसचं, आणि त्याच्या टोकाशी मॅलॅट-१सारखीच वेणी. ५' बाजूचे प्रायमर दोन्ही रूपं एकत्र मोजतात. फक्त लांब रूप हवं तर ४ किलोबेसच्या पुढचे प्रायमर घ्या. तुमच्या प्रश्नाच्या दृष्टीने लांब रूपच कामाचं: रसायन दिसेल ती वेणी सोडवत असेल तर ते रूपही घटायला हवं, आणि फक्त मॅलॅट-१ घटून ते जागेवर राहिलं तर निवडकपणाच्या बाजूने एक पुरावा जमा होतो.

काचपट्टी

मॅट्रिजेलच्या निकालाबद्दल थोडं. 'मॅलॅट-१ घटला म्हणून पेशींचा शिरकाव घटला' हे गृहीत धरण्याइतकं चित्र स्वच्छ नाही. २०१६मध्ये कोल्ड स्प्रिंग हार्बरच्या गटाने उंदरांच्या स्तनकर्करोगात अँटिसेन्सने मॅलॅट-१ घटवून मेटास्टॅसिस (कर्करोगाचा फैलाव) कमी झाल्याचं दाखवलं. २०१८मध्ये एमडी अँडरसनच्या गटाने नेमकं उलटं मांडलं: मॅलॅट-१ टेड या ट्रान्सक्रिप्शन फॅक्टरला अडवून ठेवतो, मॅलॅट-१ काढला की मेटास्टॅसिस वाढतं, परत घातला की उतरतं. त्याआधी २०१२मध्ये तीन वेगवेगळ्या गटांनी मॅलॅट-१ नसलेले उंदीर तयार केले, ते धडधाकट जगले. म्हणून शिरकाव कमी होणं हा तुमच्या रसायनाच्या बाजूचा पुरावा आपोआप ठरत नाही.

शिवाय एमटीटी पेशींची संख्या मोजत नाही, त्यांची चयापचयाची ताकद मोजते. इन्सर्टमध्ये पेशी टाकताना ट्रायपॅन ब्लूने जिवंत पेशी मोजून दोन्ही बाजूंना सारख्या टाका. मॅट्रिजेल नसलेला इन्सर्ट शेजारी ठेवा आणि प्रयोग १६ तासांत आवरा. नाहीतर वाढ मंदावणं आणि शिरकाव मंदावणं वेगळं काढता येत नाही.

पेशी कुठून आल्या तेही नोंदवा. पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राच्या संग्रहातून आलेल्या असोत की शेजारच्या प्रयोगशाळेच्या फ्रीझरमधून, एसटीआर प्रोफाइल (पेशींची ओळख पटवणारी डीएनए-तपासणी) आणि मायकोप्लाझ्मा तपासणी प्रयोगाआधी हवी.

बर्फपेटी

सगळ्यांचे मनापासून आभार. ५५ अंशांना १० मिनिटं तापवून पाहिलं. नीट-१मधला फरक जवळपास नाहीसा झाला! हेक्सामर वापरल्यावर मॅलॅट-१ तिन्ही अ‍ॅम्प्लिकॉनमध्ये ६० ते ६५ टक्क्यांवर आहे. मिक २ तासांना ९० टक्के, ४ तासांना ८५. म्हणजे ट्रान्सक्रिप्शन फार दबलेलं नाही असं दिसतं. अर्धायुष्याचा प्रयोग लावायचा आहे. त्यासोबत नळीतलं बाइंडिंग कसं दाखवावं? वेणीचा तुकडा इन व्हिट्रो बनवून घेतलाय, पण फ्लुओरेसन्स डिस्प्लेसमेंटमध्ये (रसायन चमकणाऱ्या रंगाला आरएनएवरून हटवतं का ते बघण्याची चाचणी) प्रत्येक वेळी वेगळं उत्तर येतं.

घडीमोड

वेगळं उत्तर येण्यामागे बहुतेक वेळा घडी नीट न पडणं किंवा रसायनाचा गोळा होणं, यांतलं एक असतं.

घडीसाठी आरएनए मॅग्नेशियमविना ९५ अंशांना २ मिनिटं, लगेच बर्फावर ५ मिनिटं, मग बफर आणि मॅग्नेशियम घालून ३७ अंशांना ३० मिनिटं. मॅग्नेशियम असताना उकळलं तर आरएनए तुटतो. पीएच ७च्या आसपास ठेवा. २०१४मध्ये येलच्या गटाने सोडवलेल्या रचनेत या वेणीत यू-ए-यू त्रिकुटांचे दोन गठ्ठे दिसतात, एक पाचाचा आणि एक चाराचा. मध्ये एक सायटोसिन-ग्वानिन-सायटोसिन त्रिकुट आणि एक साधी जोडी. त्या त्रिकुटातल्या एका सायटोसिनवर जास्तीचा प्रोटॉन लागतो. बफर पीएच ८कडे सरकला की तो प्रोटॉन सुटायला लागतो आणि वेणी तिथे ढिली पडते. घडी पडली की नाही ते नेटिव्ह जेलवर बघा: एकच बारीक पट्टी हवी. वर सावलीसारखी दुसरी पट्टी असेल तर दोन रेणूंची जोडी जमलीय, आरएनएचं प्रमाण कमी करून पुन्हा घडी पाडा.

रसायनाचं म्हणाल तर १० मिलिमोलर साठा पूर्ण कोरड्या डीएमएसओमध्ये, २० मायक्रोलिटरच्या छोट्या नळ्यांत. डीएमएसओ हवेतलं पाणी ओढतो, सारखं उघडबंद केलं की साठा पातळ होतो आणि रसायन बाहेर पडतं. पातळीच्या पायऱ्या आधी डीएमएसओमध्ये पाडा, मग प्रत्येक पायरी बफरमध्ये. थेट पाण्यात पायऱ्या पाडल्या तर वरच्या नळीतच साका बसतो. कल्चरच्या मीडियामध्ये २० मायक्रोमोलर करून तासाभराने ४०-एक्सखाली बघा. पेशींच्या मधल्या मोकळ्या जागेत बारीक सुयांसारखे स्फटिक दिसले, तर तुमचं १० मायक्रोमोलर प्रत्यक्षात किती आहे ते कुणालाच ठाऊक नाही.

बाइंडिंगच्या बफरमध्ये ०.०१ टक्का ट्वीन-२० घाला. बाइंडिंग त्याने नाहीसं झालं तर ते गोळ्याचं होतं. मग दहापट, शंभरपट यीस्ट टीआरएनए घालून तेच मोजा. धनभारित अमाइनचा रेणू कुठल्याही आरएनएच्या कण्याला चिकटतो. टीआरएनएने वक्र उजवीकडे पळाला तर निवडकपणा नाही. त्याच पद्धतीने नीट-१ची वेणी आणि साधी डीएनए हेअरपिन, असे दोन तुकडे शेजारी हवेत. डिस्प्लेसमेंटवर एकट्यावर विसंबू नका. तिथे तुमचं रसायन रंगाला बाजूला सारतंय की फक्त चमक विझवतंय ते वेगळं कळत नाही. मायक्रोस्केल थर्मोफोरेसिस किंवा आयटीसी (चिकटतानाची उष्णता मोजणारी पद्धत) जोडा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. चिकटणं म्हणजे उलगडणं नव्हे. डायफेनिलफ्युरान गटातल्या रसायनांवर ड्यूकमध्ये जे काम झालं, त्यात हे चांगलं दिसलं: सांगाडा तोच, पण बाजूच्या गटांची जागा बदलली की वेणीच्या स्थैर्यावरचा परिणाम बदलतो. काही रेणू वेणीला इतकी घट्ट धरतात की एक्सोन्युक्लिएज (आरएनए टोकाकडून खाणारं एन्झाइम) तिला कुरतडायला उशीर लावतं. असा रेणू मॅलॅट-१ वाढवायला हवा, घटवायला नव्हे. म्हणून आरनेज-आर या एक्सोन्युक्लिएजची चाचणी लावाच: घडी पडलेला तुकडा, रसायन, मग ३७ अंशांना आरनेज-आर, ठराविक मिनिटांनी थोडं काढून ईडीटीएमध्ये थांबवायचं आणि डीनेचरिंग जेलवर बघायचं. रसायन असताना पूर्ण लांबीची पट्टी लवकर गेली तर वेणी ढिली होतेय. जास्त टिकली तर पेशीतली घट वेणीमुळे नाही. ईडीटीए मॅग्नेशियम ओढून घेतं म्हणून एन्झाइम थांबतं. कमी घातलं तर नळीत कापाकापी चालूच राहते. आणि रसायनाने एन्झाइमलाच बिघडवलं नाही ना, ते बघायला वेणी नसलेला सरळ आरएनए कंट्रोल म्हणून घ्या.

पेशीत दाखवायचं तर रिपोर्टर बांधा. एका लुसिफरेजच्या मागे मॅलॅट-१चं ३' टोक, मॅस्क-आरएनएसकट, म्हणजे आरनेज-पी कापेल. दुसऱ्याच्या मागे नेहमीची पॉली-ए. वेणीवाला एमआरएनए शेपटीविना टिकतो आणि त्याचं भाषांतरही होतं, हे २०१२पासून माहीत आहे. रसायनाने फक्त वेणीवाला घटला पाहिजे. तिसऱ्या रिपोर्टरमध्ये यू-पट्टीतली अक्षरं बदलून वेणी मोडा. तो मुळातच कमी असेल, पण रसायनाने आणखी घटायला नको. लुसिफरेजची चमक आणि एमआरएनए, दोन्ही मोजा, कारण पुष्कळ सपाट रेणू लुसिफरेज एन्झाइमलाच दाबतात.

सीटी_मोजणारा

तिसरा प्रश्न मागे राहिला होता. मॅलॅट-१ केंद्रकात राहतो आणि गॅपमरचं काम करणारं आरनेज-एच१ही तिथे असतं. एसआयआरएनएची यंत्रणा मुख्यतः पेशीद्रवातली. काही एसआयआरएनए मॅलॅट-१वर चालतात, पण खात्रीचं काम हवं तर गॅपमर.

नेहमीची रचना ३-१०-३: दोन्ही टोकांना तीन-तीन एलएनए (घट्ट चिकटणारी, बदललेली अक्षरं), मध्ये दहा डीएनए, कणा पूर्ण फॉस्फोरोथायोएट. लिपिडसोबत १० ते ५० नॅनोमोलर, मोजणी ४८ तासांनी. किमान दोन गॅपमर, वेगवेगळ्या जागांवर, आणि त्याच रसायनशास्त्राचा, त्याच लांबीचा एक स्क्रॅम्बल (अक्षरांचा क्रम विस्कटलेला कंट्रोल). साधा डीएनए ऑलिगो स्क्रॅम्बल म्हणून चालत नाही. फॉस्फोरोथायोएट पॅरास्पेकलमधल्या प्रथिनांना चिकटतो, त्यामुळे डोस चढवत गेलात तर नीट-१चं चित्र पुन्हा गढूळ होईल. कमीत कमी डोसवर ७०-८० टक्के घट मिळाली की तिथेच थांबा.

गॅपमरची जागा शक्यतो ३' भागात घ्या. २०२०मध्ये दोन गटांनी दाखवलं की गॅपमर तयार होत असलेला आरएनएही कापतो, आणि ५' बाजूला कापलं तर पुढे सरकत असलेलं पॉलिमरेजही वेळेआधी सुटून जातं. मग परिणाम आरएनए नसल्याचा की तिथलं ट्रान्सक्रिप्शन थांबल्याचा, हा नवा गोंधळ.

पेशीपाणी

जरा बाजूचा प्रश्न. होटेअर हा लाँग नॉन-कोडिंग आरएनए आणि ईझेडएच२ हे पीआरसी२ या जनुकं दाबणाऱ्या प्रथिनसमूहातलं एन्झाइम, यांची जोडी तोडणारी रसायनं निघाली आहेत. त्यांनाही हीच कसोटी लावायची का?

घडीमोड

हो, आणि जास्त कडक. होटेअरमध्ये पेशीमागे रेणू फार थोडे, त्यामुळे सीटी तिशीपुढे जातो आणि छोटा फरक गोंगाटात बुडतो. शिवाय पीआरसी२ नाना प्रकारच्या आरएनएला कमी निवडकपणे चिकटतं. नळीत जोडी तुटली म्हणून पेशीत होटेअरचंच काम थांबलं, असं म्हणता येत नाही. २०१७मध्ये तर स्तनकर्करोगाच्या पेशींत होटेअरची जनुकं दाबण्याची क्रिया पीआरसी२ नसतानाही होते असं दाखवलं गेलं. तुलनेला टॅझेमेटोस्टॅट किंवा जीएसके१२६ ही ईझेडएच२ अडवणारी रसायनं ठेवा. ती एन्झाइमच्या जागेवर एस-अ‍ॅडिनोसिल मेथिओनिनशी स्पर्धा करतात, आरएनएच्या जागेवर नव्हे. ईझेडएच२ हिस्टोनवर लावतं त्या एच३के२७च्या मिथायल खुणा पेशी विभागतात तशा पातळ होतात, म्हणून मोजणी ३-४ दिवसांनी.

या बाबतीत झिस्ट या एक्स गुणसूत्र शांत करणाऱ्या आरएनएवरचं २०२२चं काम डोळ्यांसमोर ठेवण्यासारखं आहे. एक्स-१ हे रसायन झिस्टच्या रेप-ए भागाला चिकटतं, तिथून पीआरसी२ आणि स्पेन हे प्रथिन दोघांना हटवतं, आणि उंदरांच्या स्टेम पेशींत एक्स गुणसूत्र शांत होण्याची सुरुवातच अडते. आरएनएची जागा, प्रथिनांचं हटणं आणि पेशीतला परिणाम, अशी साखळी त्यात सलग दाखवलीय.

बर्फपेटी, अर्धायुष्याचा प्रयोग लावाल त्याच आठवड्यात मॅलॅट-१ नसलेल्या पेशींची क्लोन काढायला घ्या, त्याला वेळ लागतो. एमडीए-एमबी-२३१ जवळपास ट्रिप्लॉइड (गुणसूत्रांच्या तीन-तीन प्रती असलेल्या) आहेत, दोन प्रती कापल्या म्हणून थांबू नका. जिनोमिक पीसीआरने मूळ लांबीची पट्टी पूर्ण गेलेली दिसली पाहिजे. किमान तीन स्वतंत्र क्लोन. त्यांच्यावर १० मायक्रोमोलर रसायन देऊन मॅट्रिजेल लावा. तिथेही शिरकाव तितकाच घटला, तर रसायनाचं लक्ष्य दुसरीकडे शोधावं लागेल.